गिनती चालू आहे

ज्या माणसामुळे अकरा वर्षं माझ्या पोटात दुखलं, तो माझ्या पत्र्याला पत्रा लावून बसायचा. आर्णीत दिग्रसच्या रस्त्याला आमची दोन टिनाची दुकानं, मध्ये पत्रा एकच. धंदाही एकच. शेतातल्या पंपाची मोटर जळली की शेतकरी ती दुचाकीवर मागे बांधून आणतो, आम्ही तिच्यातली जळकी तार काढून नवी तांब्याची तार भरून देतो. त्याला सगळा बाजार भाई म्हणायचा, मीही भाईच म्हणायचो, आणि तो मला भाऊ म्हणायचा. यवतमाळला एकाच उस्तादाच्या हाताखाली दोघं शिकलो, त्यामुळे कोणाचं काम सरस हा प्रश्नच नव्हता. मी जळायचो ते त्याच्या डोक्यावर. त्याचं डोकं थंड राहायचं आणि माझं राहायचं नाही, एवढीच गोष्ट आहे. ती कबूल करायला मला आजही जड जातं.

आमच्या धंद्यातला ताण बाहेरच्याला सहसा कळत नाही. दिवाळी झाली की हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचे दिवस येतात. सगळे एकाच वेळी मोटर चालू करतात, व्होल्टेज मान टाकतं आणि मोटरी पटापट जळतात. शेतीची लाइन एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. ज्याची मोटर दिवसाच्या आठवड्यात जळली तो सकाळी मी कुलूप काढायच्या आधीच दुकानासमोर उभा असतो. त्याला आजच्या आज पाहिजे. त्याच्या आधीच्या चौघांनाही आजच पाहिजे. फोन वाजत असतो, वार्निश वाळत नसतं, आणि कोणीतरी म्हणतोच, "भाऊ, तुमीच म्हनलं होतं ना काल देतो म्हनून?" मी म्हणालेलो असतो, तेच तर दुखणं आहे.

यात शांततेची वेळ एकच, गिनतीची. लाकडी फर्म्यावर तार गुंडाळून कॉइल बनवायची असते. डाव्या हाताच्या चिमटीतून तार सोडायची, उजव्या हातानं मशीनचा दांडा फिरवायचा आणि वेढे मोजायचे. मशीनला मोजणारा काटा असतो, पण तो कधी अडकेल त्याचा भरवसा नाही, म्हणून उस्तादानं आम्हाला तोंडीच मोजायला शिकवलं. मध्ये कोणी हाक मारली आणि आकडा हुकला तर सगळी तार उलगडून पहिल्यापासून सुरुवात. हुकलेलं लक्षातच आलं नाही तर त्याहून वाईट. पाच-दहा वेढ्यांचा फरक पडला की मोटर तापते आणि आठ दिवसांत पुन्हा जळते. म्हणून आमच्याकडे एक रिवाजच पडून गेला होता. वाइंडिंगवाल्याचा हात दांड्यावर आणि ओठ हलताना दिसले की माणूस कितीही तापलेला असो, गप्प व्हायचा. तोंडातला खर्रा गालात सरकवून उभा राहायचा. एखादा नवखा बोलायला लागलाच तर जुना त्याला कोपरानं ढोसायचा, "थांब बे, गिनती चालू हाये." तलाठ्यापुढे, डॉक्टरपुढे न थांबणारी माणसं गिनतीपुढे थांबायची.

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग. लहानपणापासून आहे. गिऱ्हाइकानं आवाज चढवला की माझा त्याच्या दोन हात वर. मग दुसऱ्या दिवशी मीच त्याला बोलावून चहा पाजायचो. लोकांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटायचं, चाललंय ते बरं चाललंय. पण तीन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाशी भांडता भांडता मला दरदरून घाम सुटला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून हवा भरली, आकडा पाहिला, पुन्हा भरली. म्हणाले, "टेन्शन कमी करा." मी म्हणालो, "साहेब, कोणतं?" त्यांनी गोळी लिहून दिली, मीठ कमी, खर्रा बंद आणि रोज सकाळी चालणं.

खर्रा बंद केला तेव्हा पंधरा दिवस मी घरातल्या भांड्यांशीसुद्धा भांडलो. ज्याला खर्रा ठाऊक नाही त्याला सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा, आणि त्या घोटण्यातच अर्धं डोकं हलकं होतं. माझे हात नुसतेच एकमेकांवर घासत राहायचे. बायको म्हणाली, "आग लागन असे नका घासू." चालायला निघालो तर वाटेत गिऱ्हाईक भेटायचं. "बरं झालं भेटले भाऊ, आमच्या मोटरचं काय झालं?" मी रस्ता बदलला, तर दुसऱ्या रस्त्यावर दुसरं भेटलं. बायकोनं मोबाइलवर पाहून श्वास मोजायचा एक प्रकार शिकवला. चार आकडे आत, चार आकडे थांब, चार आकडे बाहेर. आत घेऊन थांबलो की नेमका फोन वाजायचा, आणि फुगलेल्या छातीनं मी तो उचलायचो. संध्याकाळी बादलीतल्या थंड पाण्यात पाय सोडून बसायचो, तेवढं मात्र मानवलं. पाय गार व्हायचे. डोकं बादलीत मावत नव्हतं.

आणि भाई यातलं काहीच करत नव्हता. चालायला जात नव्हता, श्वास मोजत नव्हता, दुपारी डब्यातलं लिंबाचं लोणचं चाटून चाटून खायचा, तेही माझ्यासमोर. त्याच्या दुकानातही तेवढीच मोटरींची रांग, तीच माणसं, तेच ओरडणं. पण त्याच्याकडचं ओरडणं मिनिटाभरात बंद व्हायचं. मला पत्र्याच्या पलीकडून ऐकू यायचं. कोणीतरी चढलेल्या आवाजात सुरू करायचा, मग दांड्याची कर्र कर्र, मग एकदम शांत. पाच मिनिटांनी भाईचा मऊ आवाज, "हां, बोला काका." आणि काका कमरेत वाकून बोलायचे. एवढंच नाही, काम झाल्यावरही माणसं त्याच्याकडे उगाच बसून राहायची. माझ्याकडे काम झाल्यावर कोणी थांबलेलं मला आठवत नाही.

घरीही सुटका नव्हती. मी ताटावर चिडचिड केली की बायको म्हणायची, "त्या भाईले पाहा जरा. त्याले का धंदा नाई?" त्या वाक्यानंतर माझा घास खाली उतरायचा नाही. बाजारात लोक म्हणायचे, भाईवर वरच्याची मेहेरबानी आहे, मोजताना तो मनात काहीतरी पढतो, म्हणून त्याला राग येत नाही. मी म्हणायचो, असेल बुवा. पण मनात म्हणायचो, राग सगळ्यांना येतो, हा कुठेतरी ठेवतो, कुठे ठेवतो ते शोधलं पाहिजे. दुसऱ्याच्या पैशावर, शेतावर जळणारी माणसं पुष्कळ पाहिली. कोणाच्या शांत बसण्यावर जळणारा मीच असेन.

मधल्या पत्र्याला एका जागी बोल्ट निघून भोक पडलं होतं. आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून म्हणतात, तसा मी खरोखरच वाकलो. मागच्या डिसेंबरातली गोष्ट. पलीकडे एक जण भाईला अद्वातद्वा बोलत होता, त्याची मोटर दोन दिवस पडून होती. भाईनं मान हलवली, मशीनजवळ गेला, दांड्याला हात घातला. ओठ हलायला लागले. तो माणूस वाक्य अर्धंच टाकून गप्प झाला. मी भोकाला डोळा लावून भाईचा डावा हात पाहत होतो, तो तार कशी धरतो ते. तार नव्हती. त्याची चिमूट रिकामी होती, फर्मा रिकामा होता, मागचं रीळ जागेवर स्थिर होतं. मशीनची मागची बाजू माझ्याकडे होती, पुढे उभ्या असलेल्याला हे दिसणं शक्य नव्हतं. तो रिकामंच फिरवत होता. शंभरेक वेढे फिरवले, थांबला, रुमालानं मान पुसली आणि म्हणाला, "हां दादा, बोला." दादाचा राग ओसरला होता.

मला आधी हसू आलं, मग तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे अकरा वर्षं ही थंड डोक्याची कीर्ती, हे वरच्याची मेहेरबानी वगैरे सगळं या रिकाम्या दांड्यावर? आणि त्यात मला सर्वांत जास्त कशाचं लागलं असेल, तर हे मला का सुचलं नाही याचं.

मग मीही करून पाहिलं, लाजायचं कशाला. दुसऱ्याच दिवशी एक जण तडकला, मी मशीनकडे पाठ करून बसलो होतो तो वळलो आणि रिकामा दांडा फिरवायला लागलो. माणूस गप्प झाला. पण मी आतून गप्प होईना. एक, दोन, तीन म्हणता म्हणता मी मनात त्याला उत्तरं देत होतो. पंचवीसच्या पुढे माझा दांडा एवढ्या जोरात फिरायला लागला की मशीन टेबलासकट हललं. तिशीला मी हात सोडला आणि म्हणालो, "काय म्हनलं तुमी मघाशी? परत म्हना." म्हणजे त्याचा उपायही माझ्या अंगी लागत नव्हता. लबाडीसुद्धा त्यालाच जमत होती. त्या संध्याकाळी बादलीत पाय टाकून बसलो तरी पाय गार झाले नाहीत.

ही गोष्ट मी महिनाभर पोटात ठेवली. बायकोलाही सांगितली नाही. ठेवली म्हणजे जपली असं कोणी समजू नये, मी वेळ पाहत होतो.

जानेवारीत दिवसाच्या लाइनच्या आठवड्याचा शेवटचा दिवस होता. तांड्यावरचा एक बंजारा शेतकरी, माझं फार जुनं गिऱ्हाईक, सकाळपासून तीन वेळा येऊन गेला होता. त्याची बायको शेतात पाइप धरून बसली होती आणि दर अर्ध्या तासानं फोन करत होती. तो फोनवर तिला "आवूचू, आवूचू" म्हणजे येतो, येतो म्हणायचा आणि फोन ठेवून माझ्याकडे पाहायचा. चौथ्यांदा आला तेव्हा त्याची मोटर अजून उघडलेलीच नव्हती.

"भाऊ, तुमच्या जिभेले काही हाड हाये का नाई?" तो म्हणाला.

"मग ने तुही मोटर! दुसरीकडं भर!" मी ओरडलो. हे मी दर हंगामात दहा जणांना म्हणतो, आणि कोणी नेत नाही.

त्यानं नेली. मोटर उचलून छातीशी धरली आणि चार पावलं चालून शेजारी भाईपुढे ठेवली. रस्त्यावरच्या पानठेल्यावरची, पंक्चरवाल्याकडची सगळी माणसं पाहत होती. भाईनं माझ्याकडे पाहिलं, हात जोडल्यासारखे केले आणि त्याला म्हणाला, "काका, ते भाऊचं काम हाये. मी कसा हात लावू?"

आता मला वाटतं, तो तेव्हा माझी बाजू राखत होता. तेव्हा मला वाटलं, हा चारचौघांत मोठेपणा घेतो आहे.

त्यावर तो शेतकरी भाईवरच उखडला. दोघंही सारखेच चोर, एकमेकांना सामील आहात, असं काय काय बोलला. भाई ऐकत होता. मग तो मशीनकडे वळला, दांड्याला हात घातला, ओठ हलायला लागले. आणि माझ्यावर सकाळपासून भुंकणारा तो माणूस जागच्या जागी थांबला. एवढंच नाही, त्याचा फोन वाजला तर बायकोचा फोन त्यानं कापला. माझ्यासाठी त्यानं कधी फोन कापला नव्हता.

मी पत्र्याच्या भोकाला डोळा लावून खात्री केली आणि रस्त्यावर आलो. "कायले उभे राह्यले मुकाट्यानं?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो. "तार नाई त्याच्या मशीनवर! पाहा जाऊन! रिकामाच फिरवते तो! अकरा वर्षं झाले, तुमाले उल्लू बनवून राह्यला!"

पंक्चरवाला पुढे झाला, त्यानं वाकून पाहिलं. मग पानठेल्यावरचे दोघं आले. एकानं हात घालून फर्मा चाचपला आणि तो हसला. मग सगळेच हसले. तांड्यावरचा शेतकरीही हसला, एवढा की त्याला खोकला आला. भाईचा हात दांड्यावर तसाच होता. मला वाटलं, आता तरी हा चिडेल, आता तरी खरा रंग दिसेल. तो हसला. सगळे हसत होते म्हणून त्यांच्यात मिसळून हसला, आणि म्हणाला, "पकडलं भाऊनं." त्या दिवशी मला फार दिवसांनी कडक भूक लागली. घरी जाऊन मी तीन भाकरी खाल्ल्या.

पुढचे पंधरा दिवस पत्र्यापलीकडून जे ऐकू यायचं ते आधी मला गोड वाटलं. भाईनं दांड्याला हात लावला की कोणीतरी म्हणायचंच, "भाई, आज तार हाये का?" आणि हशा. खरोखर तार असायची, पण लोक बोलत राहायचे. तो हुकायचा, उलगडायचा, पुन्हा मोजायचा. मला हेही कळायला हवं होतं की वारं एका पत्र्यापुरतं थांबत नसतं. माझ्याकडेही तेच सुरू झालं. मी खरे वेढे मोजत असताना एक पोरगेलासा शेतकरी पुढे आला, बोटानं माझी तार चाचपून म्हणाला, "हां, भाऊची खरी हाये," आणि माझा आकडा गेला. एकसष्ट होते की एकाहत्तर, मला कळेना. पुन्हा उलगडायचा कंटाळा केला, एकाहत्तर धरून पुढे गेलो. आठव्या दिवशी ती मोटर काळी होऊन परत आली. गिनती चालू आहे म्हणून गप्प राहायचं, हा रिवाज आमच्या बाजारातून उठला तो उठलाच. कोणी बसवलेला नव्हता, त्यामुळे कोणाला परत बसवताही येईना.

मग एका सोमवारी भाईचं दुकान उघडलं नाही. मंगळवारीही नाही. पंक्चरवाला म्हणाला, भाई दुकान मोडून पांढरकवड्याला चालला आहे, हायवेवर त्याच्या साळ्याचं ट्रकचं गॅरेज आहे, तिथं. त्याच्याकडच्या सगळ्या मोटरी माझ्याकडे आल्या, आणि खोटं कशाला सांगू, दोन दिवस मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी मला पुन्हा घाम सुटला. घरी जाऊन पडलो. बायकोनं पाणी दिलं आणि विचारलं, "भाई काहून चालले?" तिला तोवर बाजारातून सगळं कळलेलं होतं, तरी तिनं माझ्या तोंडून वदवून घेतलं. ऐकून झाल्यावर म्हणाली, "एका मानसाचं गप बसनं तुमाले पाहवलं नाई." एवढंच म्हणाली आणि भाजी चिरायला गेली. मला वाटत होतं तिनं आणखी बोलावं.

रविवारी दुपारी मी भाईच्या घरी गेलो. अकरा वर्षांत त्याच्या घरी मी दोनदा गेलो असेन, दोन्ही वेळा ईदला. दोन खोल्यांचं घर, समोरच्या खोलीत बांधलेली गाठोडी, एका कोपऱ्यात दुकानातून आणलेलं मशीन पोत्यात गुंडाळलेलं. भाई खाली बसून फर्मे दोरीनं बांधत होता. मला पाहून उठला. "या ना भाऊ, बसा," असं त्याच मऊ आवाजात म्हणाला. भाभींनी आतून पाणी पाठवलं. मी बसलो आणि माझी नजर खिडकीच्या फळीवर गेली. तिथं गोळ्यांची पट्टी होती. मी पाहताक्षणी ओळखली, माझीच बीपीची गोळी. नीट पाहिलं तर माझ्यापेक्षा जास्त पॉवरची.

"हे कोनाची?" मी विचारलं.

"माही."

"कवापासून?"

"झाले सहा-सात वर्षं."

म्हणजे माझ्या आधीपासून. मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण तिच्या आधी क्षणभर मनात आलं की हा माणूस यातही माझ्या पुढेच. माझा स्वभाव मी लपवत नाही. मी म्हणालो, "आन् लोनचं खाऊन राह्यले होते तुमी मजेत?"

तो हसला. "तेवढंच त होतं भाऊ."

मी माफी मागायला गेलो होतो, पण माफीचे शब्द मला येत नाहीत, मला ओरडण्याचे येतात. मी म्हणालो, "जाऊ नका. मी सांगतो बाजारात सगळ्याइले."

"काय सांगसान? तार होती म्हनून?"

तो पुन्हा दोरी गुंडाळायला लागला. साळ्याला शब्द दिला आहे, बुधवारी टेम्पो येतो आहे, म्हणाला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "एक सांगू? मी तुमाले पाहून जळत होतो."

मला वाटलं तो टिंगल करतो आहे.

"खरंच भाऊ. पत्र्यातून आयकू येत होतं ना मले. तुमी असे मोकळे होऊन वरडत होते आन् दुसऱ्या दिवशी त्याच मानसाले चहा पाजत होते. मी घरी येऊन हिले सांगत होतो, भाऊचं बरं हाये, सगळं निघून जाते त्याचं."

"मग तुमाले कोनी रोकलं होतं वरडाले?"

त्यानं दोरीची गाठ मारली, दातांनी ओढली. "तुमी वरडले त लोक म्हनते, भाऊ तापट हाये, पन मनाचा साफ हाये. मी वरडलो त ते माहं नाव नाई घेनार." तो थांबला. "म्हन्तीन, हे लोक असेच."

अकरा वर्षं मी भोकातून, दारातून, पत्र्यातून ज्या शांततेकडे पाहून जळलो, तिच्यामागे हा धाक आहे हे मला कधी सुचलं नव्हतं. तोच रस्ता, तीच माणसं, तोच धंदा, आणि ओरडणं मला फुकट होतं. त्याला ते कधीच परवडणार नव्हतं. तो दांडा फिरवायचा तो लोकांना गप्प करण्यासाठी नाही, स्वतःला गप्प ठेवण्यासाठी. तेवढी एक जागा त्यानं शोधली होती, आणि मी तीन भाकरींच्या भुकेपायी ती मोडली.

"मग माह्यावर वरडा," मी म्हणालो. "आत्ता वरडा. मी आयकतो. शिव्या द्या. इथं कोनी नाई."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खरंच म्हणतो आहे हे त्याला कळलं. तो उठला, जाऊन बाहेरचं दार लावलं. मग खिडकीही ओढून घेतली. परत येऊन माझ्यासमोर बसला, मांडीवर हात ठेवले, आणि त्याच्या गळ्याची शीर वर आली. तोंड उघडलं. काहीच आलं नाही. त्यानं तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. मी वाट पाहत होतो. शेवटी, बंद दाराच्या आतही इतक्या हळू आवाजात की ऐकायला मला पुढे वाकावं लागलं, तो म्हणाला, "तुमी लय बेकार केलं भाऊ."